सासऱ्यांच्या गाडीचे लाल कॅलिपर

"त्यात काय एवढं! बोल्ट काढायचे, घासायचं, रंग मारायचा, बोल्ट लावायचे. संध्याकाळच्या चहाच्या आत काम फत्ते!"

जावयानं हे शनिवारी सकाळी बायकोला ऐकवलं, ते सासऱ्यांच्या अंगणात, हाताची घडी घालून. मोटारीचा शोध लागला तेव्हा सल्ल्याला यालाच बोलावलं होतं, असा एकंदर थाट!

"बाबांना विचारलंस?"

"विचारायचं काय? सरप्राइज आहे!"

बायकोनं कपाळाला हात लावला. तिला तिचे बाबाही माहीत होते आणि नवराही. परवाच त्यानं घरच्या मिक्सरला असंच सरप्राइज दिलं होतं.

आता गाडीची ओळख करून द्यायला हवी. ती बायकोपेक्षा वयानं मोठी. सासरे कौतुकानं म्हणायचे, "ही थोरली, तू धाकटी." थोरलीला आजवर त्यांच्याशिवाय कुणी चालवलं नव्हतं. लग्नानंतर जावयानं एकदा भीत भीत विचारलं, "बाबा, मी एक चक्कर मारू?" तर सासरे इतके हसले, की सासूबाईंना पाणी आणून द्यावं लागलं.

पण नुकतंच सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, नजर नीट बसेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. सासरे विश्रांतीला बहिणीकडे गेले आणि जाताना बोलून गेले, "नुसती उभी राहून गंजण्यापेक्षा विकलेली बरी. रविवारी आलो की ठरवतो."

जावयानं डोकंच धरलं! विकणार? मग ते पांढरं, सायकलच्या चाकाएवढं स्टिअरिंग या जन्मी हातात यायचं नाही! त्यापेक्षा गाडीची अशी सेवा करू, की सासरे आपणहून किल्ली देतील. आणि सेवा करायला त्याला नेमके कॅलिपर सापडले.

कॅलिपर म्हणजे पुढच्या चाकामागचा जाडजूड लोखंडी चिमटा. ब्रेक दाबला, की तो फिरती चकती गच्च आवळतो आणि गाडी थांबते. थोरलीचे दोन्ही चिमटे करपलेल्या तव्यासारखे झाले होते. त्यांना लालभडक रंग द्यायचा, असं जावयानं ठरवलं.

आणि खरं सांगायचं तर सुरुवात झकास झाली! गाडी जॅकवर चढली, चाकं निघाली, कॅलिपर निघाले. तारेच्या ब्रशनं त्यानं ते इतके घासले, की स्वतःची बोटंही सोलून काढली. मग रंगाचा डबा हलवून फवारा मारला आणि दोन्ही कॅलिपर अंगणातल्या कपड्यांच्या दोरीवर तारेनं टांगले. एकाला 'डावा' चिठ्ठी, दुसऱ्याला 'उजवा'. काय शिस्त, काय टापटीप! एवढं करून साहेब दुपारी जरा आडवे झाले.

डोळा उघडला तेव्हा दोरी रिकामी!

"चोर!" जावई ओरडला. "कॅलिपर गेले!"

"ओरडताय काय जावईबापू?" आतून सासूबाई आल्या. "आभाळ आल्यासारखं वाटलं, म्हणून कपड्यांबरोबर तुमचं तेही आत आणलं. जडच बाई फार!"

पलंगावर घड्या घातलेल्या कपड्यांशेजारी वर्तमानपत्र अंथरून दोन्ही कॅलिपर शेजारी शेजारी ठेवले होते. चपलांचा जोड ठेवावा तसे.

"आणि चिठ्ठ्या?"

"त्या रंगाला चिकटत होत्या. काढून टाकल्या. चांगलं दिसत नव्हतं!"

सासूबाईंना काय बोलणार? जावयानं दोन्ही कॅलिपर उलटसुलट करून पाहिले. जुळ्यांत डावं-उजवं करायचं कसं? शेवटी त्यानं दोन-चारदा मान तिरकी केली, "हं, हाच डावा!" असं छातीठोकपणे जाहीर केलं आणि रविवारी सकाळी बसवूनही टाकले. बसले हो अगदी बरोबर! तिथंच घात झाला.

आता ब्रेक ऑइलच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायची. या कामाला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी पडून कॅलिपरचा नट सैल करून हवा सोडायची. थोडक्यात, नवरा-बायकोनं हे काम करू नये.

"दाब!"

"दाबलं!"

"धर!"

"धरलं!"

"सोड! अगं, आत्ता नको!"

"मग सोड म्हणालास कशाला?"

"मी नटाला म्हणालो!"

"नटाशी बोलायचं असेल तर तसं सांगत जा! माझ्या पायात गोळे आले!"

कुंपणापलीकडून शेजारच्या काकांनी डोकं वर काढलं. "सगळं ठीक आहे ना? नाही, भांडण असेल तर मी मध्ये पडत नाही."

ब्रेक ऑइलचा डबा संपत आला. सांडलेल्या ऑइलनं नव्या लाल रंगाला सुरकुत्या पडल्या. पण पेडल काही घट्ट होईना. लोण्यात पाय घालावा तसं खाली जायचं! जावयाला रडू यायचंच बाकी होतं. दुपारी सासरे येणार. आज ठरवणार. आणि उद्या थोरली कुणातरी परक्याच्या दारात!

"चाकं चढवतो," तो म्हणाला. "जरा मागंपुढं केली की बसेल ब्रेक."

चाकं चढली आणि बायको खाली वाकली. "अरे, तुझा लाल रंग कुठाय? चाकाआड काहीच दिसत नाही!"

खरंच दिसत नव्हतं. जावयानं गाडी सुरू केली आणि हळूच पुढं घेतली. अंगणाला उतार आहे हे त्याला पेडल तळाला टेकल्यावर आठवलं! थोरली ऐटीत दोरीखाली शिरली, सासूबाईंनी वाळत घातलेली पलंगाची चादर सबंध काचेवर ओढून घेतली आणि फाटकाकडे निघाली. फाटकात नेमके सासरे उभे! डोळ्यांवर काळा चष्मा, हातात बॅग.

जावयानं देवाचं नाव घेऊन हँडब्रेक खेचला. चादर पांघरलेली गाडी बॅगेला टेकून थांबली.

"कोण आहे आत?" सासऱ्यांनी विचारलं.

"मीच, बाबा. सरप्राइज..."

सासऱ्यांनी त्याला उतरवलं. आत बसून पेडल दाबलं. एकदा, दोनदा. सासूबाई चादरीवरचे डाग बघत उभ्या. सासरे उतरले आणि चाकामागं हात घालून चाचपू लागले.

"जावईबापू, हवा वर जाते का खाली?"

"वर, बाबा."

"मग हवा सोडायचा नट खाली कसा? डावा उजवीकडे बसवलात तुम्ही!"

जावयाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण सासरे ओरडले नाहीत. त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि म्हणाले, "काढा. मी दाबतो."

या जोडीचं मात्र जमलं! कॅलिपर बदलले, उरलेल्या ऑइलमध्ये हवा निघाली, पेडल दगडासारखं घट्ट झालं. सासऱ्यांनी किल्ली जावयापुढं धरली. त्याचा विश्वासच बसेना!

"चला, कोपऱ्यापर्यंत. बघू तुम्हाला काय येतंय."

"मी नाही!" बायको म्हणाली. "मी नाही बाई!" सासूबाई म्हणाल्या. सासरे एकटेच शेजारी बसले.

जावयानं ते पांढरं स्टिअरिंग धरलं आणि त्याचा ऊर भरून आला. गाडी काय सुंदर चालली म्हणून सांगू! वळणावर त्यानं अलगद ब्रेक दाबला. शेजारी सासऱ्यांचा उजवा पाय खालच्या मॅटमध्ये रुतला. पुढं सायकल आली. पाय पुन्हा रुतला. कोपऱ्यावर वळून, परत येऊन, जावयानं गाडी फाटकाशी अशी थांबवली, की पोटातलं पाणीही हललं नसतं. आयुष्यातलं सगळ्यात देखणं थांबणं! त्यानं आशेनं सासऱ्यांकडे पाहिलं.

सासऱ्यांनी मॅटवरचा पाय सावकाश उचलला, गुडघा चोळला आणि समाधानानं मान डोलावली.

"बघितलंत? ब्रेक असा दाबायचा असतो! विकायची नाही गाडी. उद्या पुन्हा जाऊ. तुम्ही नुसतं स्टिअरिंग सांभाळा, ब्रेकचं मी बघतो."