टायटॅनिकचा कंडक्टर

आमच्या टेंभुर्णीतल्या उत्तममामांनी जवळजवळ सगळं गाव टायटॅनिकवरून सुखरूप उतरवून बोटींत बसवलं आहे. मला मात्र त्यांनी बरेच दिवस जहाजावरच ठेवलं होतं, आणि जहाज बुडत होतं.

घाबरू नका. हा सगळा प्रकार मामांच्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर, ऑइलपेंटमध्ये चालू आहे. मामा एसटीचे निवृत्त कंडक्टर. अख्खी नोकरी जाफराबाद-जालना रस्त्यावर गेली. समुद्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. चित्रकलेशी संबंध एवढाच, की तरुणपणी जयंतीच्या मिरवणुकीचे फलक ते रंगवायचे. माझं हार्डवेअरचं दुकान त्यांच्या भिंतीच्या बरोबर समोर आहे, त्यामुळे रंगही माझ्याकडून जातो आणि डोकंही माझंच जातं.

मामांची खरी ओळख म्हणजे ते बसत नाहीत. स्टूल पुढे केलं की म्हणणार, "न्हाई, उभंच बरं." मग माझ्या दुकानाच्या खांबाला पाठ टेकवून, पाय फाकवून उभे राहणार, जणू रस्ताच कधीही ब्रेक मारेल. लग्नात पंगतीच्या मागून फिरत "सरका, सरका, अजून दोघं मावतेत" करतात आणि पंगत भरली की तोंडाने "टिंग टिंग" वाजवतात. त्याशिवाय आता वाढपीही जागचे हलत नाहीत.

टायटॅनिकची भानगड टीव्हीमुळे सुरू झाली. निवृत्तीनंतर मामांनी त्या जहाजावरचा एक कार्यक्रम पाहिला. एवढं मोठं जहाज बुडालं याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही, गाड्या काय, बंद पडतातच. पण त्यातल्या कित्येक बोटी अर्ध्या रिकाम्या सोडल्या, हे ऐकलं आणि ते जे निघाले ते थेट माझ्या दुकानात.

"मानसं वर उभी अन् गाडी रिकामी सोडली! कंडक्टर कुठं गेल्ता?"

"मामा, जहाजाला कंडक्टर नसतो."

"मंग बुडंन न्हाई तं काय! काळा रंग दे."

असा त्या रात्रीच्या समुद्राचा आरंभ झाला. मामांनी पाहिलेलं सगळ्यात जास्त पाणी म्हणजे पूर्णेचा पूर, म्हणून समुद्रातून एक बाभळीचं झाड वाहत चाललं आहे. बर्फ त्यांनी पाहिला तो रसवंतीवर येतो तेवढाच, म्हणून हिमनग चौकोनी झाला आणि त्याला एका बाजूने गोणपाटही चिकटलं.

"मामा, हिमनगाला असे कोपरे नसतात."

"अजून इतळला कुठं? इतळला की जातीन कोपरे."

बोटी लाल रंगाच्या. प्रत्येकीच्या आत 'खिडकीबाहेर हात काढू नये' असं लिहिलेलं. बोटीला खिडकी नसते हे मी सांगणार होतो, पण म्हटलं जाऊ द्या.

आधी मामा बोटींत कुणाचीही तोंडं काढायचे. मग चहावाले रशीदचाचा एक दिवस चित्रापुढे थांबले आणि म्हणाले, "उत्तमभाई, मेरेकू बी बिठाओ ना. समंदर में इन लोगांकू चाय कौन पिलाएगा?" चाचा किटलीसकट बोटीत गेले आणि गावाला वेडच लागलं. लोक नवे कपडे घालून भिंतीपुढे उभे राहू लागले. पारूआजी शेळीशिवाय चढेना. मामा म्हणाले, "घे तिला, पन हाफ तिकीट लागंन." बांधावरून वर्षानुवर्षं भांडणाऱ्या दोन भावांना त्यांनी मुद्दाम एकाच बोटीत घातलं आणि दोघांच्या हातात एकेक वल्हं दिलं. भाऊ तक्रार घेऊन आले.

"एकानंच मारलं तं बोट जागच्या जागी फिरंन," मामा म्हणाले. "बघा मंग, कसं करता ते."

माझी बायको सुनीता शेवटच्या बोटीत बसली, चांगली पैठणी नेसून. आणि मी? मी वर, बुडत्या जहाजावर, बँडवाल्यांच्या रांगेत. गळ्यात हलगी. मी जन्मात हलगीला हात लावलेला नाही. घरी विषय काढला तर सुनीता म्हणाली, "तुम्ही या की मागून, आम्ही होतो पुढं." गिऱ्हाइकं खिळे मागायला येत आणि जाताना हलगीची सुपारी विचारत.

बरं, सुनीताच्या बोटीत जागा नव्हती असंही नाही. तिच्या पुढच्या फळीवर हिरव्या लुगड्यातली एक बाई पाठमोरी बसली होती आणि तिच्या शेजारची जागा रिकामी होती. त्या जागेवर मामांनी एक पांढरा रुमाल काढला होता. ही बाई कोण असं विचारलं की मामा म्हणत, "पॅसेंजर." जागा मागितली की म्हणत, "रुमाल टाकलाय, दिसत न्हाई का?"

आता आमच्याकडे खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागल्यासारखी. तिथे सरपंचही बसत नाही. तरी माझं टाळकं सरकलं. माझीच बायको, माझ्याच दुकानातला रंग, आणि बुडायचं मी! मी जाहीर केलं की जागा मिळेपर्यंत काळा रंग बंद.

संप चांगलाच गाजला. काळ्याविना मामांची रात्र पुढे सरकेना. भिंतीचा डावा कोपरा पांढराच राहिला आणि टायटॅनिक एका बाजूने उजाडल्यासारखं दिसू लागलं. रशीदचाचा म्हणाले, "सबेरा हो गया, अब तो सब बच जाते."

मग एका दुपारी मामा दुकानात आले आणि चक्क स्टुलावर बसले. मोळे मोजणारा माझा हात थांबला. माणूस एवढा लहान दिसतो बसल्यावर, हे मला माहीत नव्हतं.

"त्यो रुमाल माझा असता तं तुला कवाच दिला असता," ते म्हणाले. "त्यो गयानं टाकलाय."

गयामामी म्हणजे मामांची बायको. मामा निवृत्त झाले त्याच वर्षी त्या गेल्या.

"तिचं माहेर आष्टीचं. जालन्यापर्यंत माझ्याच गाडीत जायची. चढली की शेजारी रुमाल टाकायची. म्हनायची, गर्दी सरली की या, घडीभर बसा. मी तिकिटं फाडत फाडत जवळ जायचो तं कुनी म्हातारं उभं, कुनी लेकुरवाळी उभी. मंग मीच म्हनायचो, बाई, रुमाल उचला. दर खेपेला मीच. ती बी उचलायची. म्हनायची, रिटायर झाल्यावर बसू."

ते हाताने गुडघा चोळत राहिले.

"आता या गाडीत तरी तिला रुमाल उचलाय नगं लावू."

मला फार वाईट वाटलं. हलगीचा राग कुठल्या कुठे गेला. मी काळ्या रंगाचा डबा काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, "मामा, मी बँडमध्येच बरा आहे."

"येडा का? पॅसेंजर वर ठिवून डबल बेल मारता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी बघतो तर मी सुनीताच्या बोटीला लटकलेलो! एक पाय काठावर, एक हवेत, गळ्यात हलगी तशीच. बँडवाल्यांनाही त्यांनी बोटीत दाटून घेतलं होतं. डावीकडची रात्र पुरी झाली होती. जहाजावर आता एकच माणूस उरला होता, खाकी कपड्यातला, बेलची दोरी हातात धरून उभा. रुमालाची जागा तशीच होती.

परवा मामा दुकानात आले आणि खांबाला टेकून उभे राहिले.

"मामा, आता तर सगळं गाव चढलं," मी म्हणालो. "तुम्हीही बसून घ्या की मामींजवळ."

त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग रस्त्याकडे.

"टेंभुर्णी झाली रे. अजून जाफराबादवाले सगळे उभेच हायेत. येक काळा दे."

मी काळा दिला. रस्ता ओलांडायला निघालेले मामा परत फिरले.

"अन् पांढरा बी दे थोडा. धुळीनं तिचा रुमाल मळून राह्यला."