पंप लावलेला आहे का?

सासूबाईंचं सामान हलवायच्या आदल्या दिवशी जावयाने ट्रकखाली सतरंजी अंथरली, तेव्हाच बायको धावत बाहेर आली.

"अहो, उद्या गाडी लागणारेय!"

"म्हणूनच तर! तो पंप काढून टाकतो. कामाचा ना धामाचा, नुसता खडखडतो."

पंप बिनकामाचा होता हे खरंच. ट्रक पूर्वी डंपर होता आणि मागचा हौदा उचलायला हा पंप लागायचा. या दोघांनी ट्रक घेतल्यावर हौदा काढून घरसामान न्यायला बंद पेटी बसवली. ट्रक चालवायची ती, सामान बांधायचा-चढवायचा तो. वाटणी झकास होती, फक्त नवऱ्याच्या हाताला पान्ह्याची खाज होती. शेजारी त्याला 'खटपट्या' म्हणत आणि आपापले मिक्सर त्याच्यापासून लपवून ठेवत.

पंप निघाला. खटपट्याने तो पुसून लख्ख केला आणि "एवढी चांगली वस्तू भंगारात कोण टाकतं?" म्हणत सीटच्या मागे ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान चढलं. दोघांच्या मध्ये सासूबाई ऐसपैस बसल्या. त्यांचं नवं घर वरच्या मजल्यावर होतं आणि सामानाची लिफ्ट फक्त दुपारपर्यंत मिळणार होती. त्यांच्या मुलाने मोठ्या कंपनीचा ट्रक ठरवायची तयारी दाखवली होती. पण "आईचं सामान मीच नेणार, तेही वेळेत," असं लेकीने भावाला ठणकावून सांगितलं होतं.

चावी फिरवली आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. पहिलं वळण घेतल्यावर ट्रकने वेग वाढवायचं साफ नाकारलं. पाय दाबून दाबून बायकोची पोटरी दुखायला लागली, पण ट्रक आपला वरातीत असल्यासारखा चालला होता. शेजारून एक आजोबा सायकलवरून पुढे गेले. जाताना त्यांनी सहानुभूतीने मान हलवली.

सासूबाई मात्र खूश होत्या. त्यांची सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. दिसेल ते वाचायचं आणि चुकलं असेल तर सांगायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

"बरंय, आज हळू चालवतेयस. एरवी पाट्या निम्म्याच वाचून होतात. ते बघ, 'सुदंर टेलर्स'! अनुस्वार कुठे नेऊन ठेवलाय मेल्याने!"

तेवढ्यात भावाचा फोन आला. "कुठवर आलात?"

"आलोच!" बायको म्हणाली.

"आई चालत निघाली असती तरी आतापर्यंत पोचली असती."

बायकोने दातओठ खात ट्रक गॅरेजकडे वळवला. मेस्त्रीने हातात मावणारं एक मशीन ट्रकच्या कॉम्प्युटरला जोडलं.

"वहिनी, गाडी पंप शोधतेय. सापडत नाही म्हणून घाबरलीय आणि वेग धरत नाहीये. बिघाडाचा कोड पुसून टाकतो, काळजी नको." मग तो मशीनकडे बघत म्हणाला, "दादा, पंपाचं काहीतरी विचारतंय. आहे का म्हणतंय."

"आहे की!" खटपट्या छाती काढून म्हणाला. "हो म्हणा."

मेस्त्रीने 'हो' दाबलं. दिवा विझला. टाळ्या झाल्या. पुढच्या चौकात दिवा पुन्हा लागला.

ट्रक परत आला. कोड पुसला, मशीनने विचारलं, खटपट्या "हो" म्हणाला, दिवा विझला. या वेळी टाळ्या जरा कमी झाल्या आणि दिवा चौकापर्यंतही थांबला नाही.

"कॉम्प्युटरच गेला असणार," मेस्त्री कपाळ पुसत म्हणाला. "गाडी ठेवून जा."

"आणि माझं सामान?" सासूबाई कडाडल्या. मुलीचा रडवेला चेहरा बघून त्या पदर खोचून खाली उतरल्या. "आण ते यंत्र इकडे. काय विचारतंय म्हणालास?"

"पंप आहे का, मावशी."

सासूबाईंनी चष्मा वर सरकवला. "असं कुठे लिहिलंय? 'पंप लावलेला आहे का?' असं लिहिलंय. जावई, कुठाय तो पंप?"

"सीटच्या मागे. म्हणजे आहेच ना, आई!"

"माझं कपाटही ट्रकमध्ये आहे. ते काय इंजिनाला लावलंय?"

खटपट्या स्वतःच्या चपलांकडे बघायला लागला. सासूबाईंनी ठसक्यात 'नाही' दाबलं. मशीनने पुढचा प्रश्न टाकला: 'पंप कायमचा वगळायचा का?' त्यांनी तो शेवटच्या प्रश्नचिन्हापर्यंत वाचला आणि 'हो' दाबलं.

दिवा विझला. या वेळी कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे श्वास रोखून ट्रकमध्ये बसले. चौक गेला. पूल गेला. दिवा विझलेलाच! बायकोने पाय दाबला आणि ट्रकने अशी काही उसळी घेतली, की तिघेही सीटला चिकटले.

"अगं, पाट्या!" सासूबाई ओरडल्या.

"उद्या वाच!" लेक हसत ओरडली.

इमारतीखाली भाऊ लिफ्टवाल्याची मनधरणी करत उभा होता. ट्रक समोर येऊन थांबला तेव्हा त्याचं वाक्य अर्धंच राहिलं. खटपट्याने त्या दिवशी कपाट असं काही उचललं, की हमालसुद्धा बाजूला झाले. शेवटचं खोकं आत गेलं आणि लिफ्ट बंद झाली.

"पोचलात की वेळेत," भाऊ कसाबसा म्हणाला.

"तुझ्या बहिणीने आणलं," सासूबाई म्हणाल्या. "जा, आता चहाचं बघ."

तो मुकाट्याने चहाचं बघायला गेला.

संध्याकाळी खोक्यांच्या पसाऱ्यात सगळे चहा पीत बसले असताना बायकोचा फोन वाजला. मेस्त्री होता.

"गाडी ठीक आहे हो," ती म्हणाली.

"तुमच्या गाडीचं नाही, वहिनी. दुसरी गाडी आलीय, मशीन काहीतरी विचारतंय. जरा मावशींना द्या ना."

सासूबाईंनी कप खाली ठेवला, फोन कानाला लावला आणि खोक्यावर ताठ बसल्या.

"हं. आता सगळं वाच. पहिल्या शब्दापासून. आणि मी सांगेपर्यंत कशालाही हात लावू नकोस."