पगारी मदतनीस जयवंता

आयकराचा हिशेब मला सीएपेक्षा चांगला जमतो, असं मी विद्यानगरच्या निम्म्या कॉलनीला सांगून ठेवलं होतं. आमच्या भगवंतराव सीएंनी नुसता तपासून फॉर्म भरायचा, बस.

राज्याची वाटणी झाली आणि माझं नशीब उघडलं. मी घरी बसून लेटरहेड, पाट्या, शिक्के यांची डिझाइनं करतो. ज्याला त्याला कागदावरचं ‘आंध्र प्रदेश’ काढून ‘तेलंगणा’ घालायचं होतं. कमाई वाढली, तसा करही वाढला. आमच्यासारख्यांनी कमाईतून धंद्याचा खर्च वजा करायचा आणि उरेल त्यावर कर भरायचा. म्हणजे खर्च वाढवला की कर कमी! वाचलेल्या पैशात जुनी का होईना, स्कूटर घ्यायचं मी ठरवून टाकलं.

वीजबिल, इंटरनेट, टोनर सगळं लिहिलं, तरी आकडा काही हलेना. मग मी एक मदतनीस लिहिली. तेलुगू टायपिंग, महिना दहा हजार. नाव बायकोचंच, पण माहेरचं: जयवंता. लग्नात आम्ही तिचं पद्मावती केलं होतं. वीस वर्षांनी कोण ओळखणार? फोन नंबर मात्र सवयीने तिचाच खरा लिहिला.

तिसऱ्या दिवशी हिशेब तपासताना भगवंतरावांनी त्या नंबरवर फोन केला. पद्मावतीचे हात पिठात होते, म्हणून तिने स्पीकर लावला. मी समोरच उपमा खात होतो.

“जयवंता बोल रहे क्या? हिम्मतराव तुमको महीने कू दस हज़ार देते, सच बात है?”

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. “हौ,” ती म्हणाली, “देते.”

फोन ठेवून ती शांतपणे म्हणाली, “किती वर्षांनी कुणीतरी जयवंता म्हणालं. बरं वाटलं. बारा महिन्यांचे एक लाख वीस हजार झाले.”

“अगं, ते नुसतं कागदावर आहे.”

“आणि तुमचं तेलुगू टायपिंग कोण करतं?”

तीच करते. मला तेलुगूचं एक अक्षर वाचता येत नाही. ती नसती तर नव्या राज्याचं नाव मी उलटं छापलं असतं.

दोघं भगवंतरावांकडे गेलो. मी सगळं कबूल केलं. बायकोला पगार दाखवता येत नाही, असं ते म्हणतील, एवढीच आशा होती.

“बायकोला दिलेला पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात,” ते म्हणाले. मी हुश्श केलं. “त्या कामाचं शिक्षण तिने घेतलेलं असेल, तर गोष्ट वेगळी.”

पद्मावतीने पिशवीतून लॅमिनेट केलेला कागद काढला. तेलुगू टायपिंग, हायर ग्रेड, प्रथम श्रेणी. नाव: जयवंता. इतकी वर्षं तो कपाटात होता आणि मला पत्ता नव्हता. मला लाज वाटली, आणि तिचा अभिमानही.

“झालं काम,” भगवंतराव म्हणाले. “पण पगार खरंच तिच्या खात्यात टाका. न दिलेला पगार खर्च कसा होईल?”

कर वाचला बारा हजार. त्यापायी एक लाख वीस हजार मोजले.

स्कूटर आली. कोरी करकरीत, तिच्या नावावर. टोनर आणायला कोटीच्या बाजारात जाताना ती चालवते, मी मागे पिशवी धरून बसतो. पेट्रोलची पावती ती माझ्या टेबलावर ठेवते. तो धंद्याचा खर्च आहे, हे तिने भगवंतरावांना आधीच विचारून घेतलंय.