एकेचाळिसावं अक्षर

छत्तीस वर्षं मुद्रितशोधनाची नोकरी करून निवृत्त झालेल्या बाबांना मुलीचा चेहरा पाहायचा होता. ती दूरच्या शहरात नोकरीला. फोन व्हायचा, पण तिला कामं असतील म्हणून बाबाच दोन मिनिटांत आवरतं घ्यायचे आणि मग तासभर फोनकडे बघत बसायचे. घरातल्या जुन्या कंप्युटरवर व्हिडिओ चालेना. तेव्हा तिने नवी ऑपरेटिंग सिस्टिम उतरवून घ्यायला सांगितलं. साइटवर चौसष्ट अक्षरा-आकड्यांचा चेकसम, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, दिलेला असतो. आलेल्या फाइलचा चेकसम कंप्युटर काढून देतो. दोन्ही तंतोतंत जुळले तरच फाइल धड समजायची, असंही बजावलं.

तंतोतंत म्हटल्यावर बाबांनी बाह्या सरसावल्या. साइटवरची अक्षरं सुबक अक्षरात कागदावर उतरवली आणि पडद्यावरच्या चेकसमशी लाल पेन्सिलीने एकेक ताडून पाहिलं. एकेचाळिसावं जुळेना. फाइल पुसली, चार तास खर्चून पुन्हा उतरवली. पुन्हा एकेचाळिसावंच. तिसऱ्यांदाही तेच झाल्यावर त्यांनी सिस्टिमवाल्यांना सविस्तर पत्र धाडलं, की आपल्या पानावर छपाईची चूक आहे.

रविवारी फोनवर मुलीला हे कळलं तशी ती हसली. फाइलमध्ये कणभर जरी बिघाड असता तरी अख्खा चेकसम बदलला असता, म्हणाली. एकच अक्षर चुकतंय म्हणजे चूक कागदावर आहे. बाबांना ते झोंबलं. तिने तिकडे साइट उघडली आणि बाबा कागदावरून सावकाश वाचू लागले. चाळीस अक्षरांना तिने हुंकार भरला.

"सहा," बाबा म्हणाले.

"बी आहे, बाबा. छोट्या लिपीतला, सहासारखा दिसणारा."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सहाच लिहिला होता, तोही अगदी सुबक.

"पुढचं वाचा ना," ती हळूच म्हणाली.

चौसष्टावं जुळलं तेव्हा अर्धा तास उलटून गेला होता. एवढं सलग दोघं कित्येक महिन्यांत बोलले नव्हते.

"खरं तर एका ओळीची आज्ञा दिली की कंप्युटर हे स्वतःच ताडून देतो," ती म्हणाली.

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही 'बरं, ठेवतो' म्हणाला असता."

बाबांनी कागदाची नीट घडी घातली. मग त्यांनी विचारलं, "या सिस्टिमची नवी आवृत्ती कधी निघते?"

"सहा महिन्यांनी."

"एवढ्या उशिरा?"