बन्सीअण्णा समुद्रावर

बन्सीअण्णांनी विमानातल्या संडासाचं दार वाजवलं आणि आतल्या अनोळखी माणसाला बजावलं, "पाच मिनटं झाली. टायम म्हंजी टायम. भाईर या!" माणूस निमूट बाहेर आलाही. अण्णांच्या आवाजात तेवढी जरब आहेच. तीस वर्षं त्यांनी आमच्या गावाला पाणी सोडलंय.

आमचं गाव केज तालुक्यातलं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही एका गल्लीला पंचवीस मिनिटं. पाइपलाइनचा वॉल फिरवायची लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून अण्णा हिंडायचे. सव्विसाव्या मिनिटाला तुमच्या घरी लग्न असो की मयत, वॉल बंद. बायका काकुळतीला यायच्या, "अण्णा, थोडं अजून सोडा की!" अण्णा म्हणायचे, "कावून? तुमच्या हंड्याला सोनं लावलंय का?"

मी त्यांची शेजारीण. आमच्या गल्लीला पाणी सगळ्यात शेवटी, कारण ती अण्णांची स्वतःची गल्ली. "आपल्या गल्लीला आधी सोडलं तर लोक नावं ठेवत्याल," हे त्यांचं तत्त्व. लोकांनी नावं ठेवायची ती ठेवलीच, वर आमच्या गल्लीनंही ठेवली. टाकीच्या तळाशी उरेल ते आमचं, म्हणजे करंगळीएवढी धार. या सचोटीबद्दल निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल मिळाली. मी टाळ्या वाजवल्या आणि मनातल्या मनात शिव्या घातल्या.

गावातल्या आम्हा बारा जणांबरोबर अण्णा अंदमानला आले ते त्यांच्या बायकोच्या, कौसाकाकूंच्या हट्टापायी. जन्मात कधी काही न मागितलेल्या काकूंनी यंदा एकच मागणं घातलं होतं. "मला गळ्याइतक्या पाण्यात बसायचंय. पोटभर. कुणी ऊठ म्हणलं न्हाई पायजे." पोटभर म्हटल्यावर आम्ही सगळ्या फिदीफिदी हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट निघाली. एका दिवसात तीन बेटं. आमची गाइड रश्मी, पुण्याची, तिशीतली. तिनं माइकवरून दिवसाचा कार्यक्रम सांगितला आणि अण्णांनी खिशातून शिट्टी काढली.

पहिल्या बेटावर चाळीस मिनिटं होती. नारळाची झाडं, पडके बंगले, माणसाळलेली हरणं. अण्णांनी यातलं काही म्हणता काही पाहिलं नाही, ते घड्याळ पाहत होते. एकोणचाळिसाव्या मिनिटाला शिट्टी झाली आणि आम्ही अर्धी शहाळी टाकून पळालो.

दुसऱ्या बेटापाशी काचेच्या तळाची छोटी बोट होती. खाली रंगीबेरंगी मासे. आम्ही वाकून बघतोय तोवर अण्णांचा हुकूम, "बघितला न्हवं एक मासा? सरका. मागच्याला बघू द्या." रश्मी वैतागून म्हणाली, "काका, तुम्ही आमच्या कंपनीतच या ना!" अण्णांनी ते खरं धरलं आणि वर्षाला सुट्ट्या किती ते विचारलं.

मला राहवलं नाही. म्हटलं, "अण्णा, एवढं पाणी बघून काय वाटतंय?"

"खारं हाय," अण्णा म्हणाले. "प्यायला न्हाई, भिजवणाला न्हाई. नुसता दिखावा."

तिसरं बेट शेवटचं. पांढरी वाळू, उथळ हिरवंनिळं पाणी आणि वेळ एक तास. काकूंनी पदर खोचला, सरळ आत गेल्या आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या. लाट आली की अलगद वर उचलल्या जायच्या आणि खुदकन हसायच्या. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले, पण काकूंना असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं.

तास संपला. बोटीनं भोंगा दिला. ओहोटी लागायच्या आत निघायलाच हवं होतं. सगळे चढले, काकू तेवढ्या पाण्यात. अण्णा काठावर उभे. हा माणूस स्वतःच्या बायकोला कसा बाहेर काढतो ते बघायला मी मुद्दाम मागे रेंगाळले. खोटं कशाला बोलू, मला ती मजा बघायचीच होती.

रश्मी वाळूतून पळत आली. "काका, काकूंना बोलवा ना, उशीर होतोय!"

अण्णांनी लेकीच्या वयाच्या त्या बाईपुढं दोन्ही हात जोडले.

"दहा मिनटं द्या, बाई. पाया पडतो. तीस वर्षं मी हिला सगळ्यात शेवटी पाणी दिलं. हिनं कधी तोंडातून शब्द काढला न्हाई."

रश्मीनं बोटीकडे वळून थांबायची खूण केली. मला अण्णांची दया आली आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

पाण्यातून काकूंनी हाक दिली, "अवं, भोंगा वाजला की! निघायचं का?"

"न्हाई!" अण्णा ओरडले. "लई टायम हाय. बस तू."