सहाशे पानांचा सर्व्हर

"तीन दिवस? छे! मला एक दिवस पुरे!"

परशुरामने हे वाक्य आपल्या साहेबांना, म्हणजे हरिलालसाहेबांना, इतक्या ठणठणीत आवाजात ऐकवलं की पलीकडची टायपिस्ट टाइप करायची थांबली!

गोष्ट १९८८ सालची. मॉरिशसमधल्या फिनिक्सच्या एका कॉम्प्युटर केंद्रात परशुराम नोकरीला होता आणि सहा महिने लंडनला शिकून नुकताच परतला होता. बंदरात नवं मशीन उतरलं होतं. डेटाबेस सर्व्हर! सगळ्या खात्यांची माहिती एका जागी ठेवायची आणि जो मागेल त्याला चटकन पुरवायची, हे त्याचं काम. ते ठेवायचं कुठे, वीज गेली तर काय, बिघडलं तर काय, याचा आराखडा करायला खात्याखात्यांतल्या अनुभवी व्यवस्थापकांना तीन दिवसांत शिकवायचं ठरलं होतं. आता एकाच दिवसाचा वर्ग, आणि त्याच संध्याकाळी चारला हरिलालसाहेब तो आराखडा स्वतः बघणार. पसंत पडला तर परशुराम मुख्य प्रशिक्षक. नाही पडला तर परत कार्डांना भोकं पाडायच्या खोलीत!

केंद्रात रंगकाम चाललं होतं, म्हणून वर्गासाठी मराठी मंडळाच्या सभागृहाचा वरचा मजला घेतला. परशुरामने सकाळीच फाटकावर फ्रेंचमध्ये सुबक पाटी लावली: 'सेर्वर: अनुभवी व्यवस्थापकांचा वर्ग, वरचा मजला.'

आता मॉरिशसमध्ये सेर्वर म्हटलं की पोराबाळांनाही एकच माणूस आठवतो. जेवण वाढणारा! पण लंडनहून आलेल्या माणसाला एवढं कुठे सुचायला?

नऊ वाजता पाच जण जिना चढून आले. पुढे लालमती गावच्या जमुनामावशी, नेसूचा पदर खोचलेल्या. त्यांच्या मागे पेती राफ्रे गावचे लक्ष्मणदादा, टोपी काखेत धरून. परशुरामला भरून आलं. आपली मराठी माणसं, आणि थेट कॉम्प्युटरवर! त्याने फ्रेंच टिपणं बाजूला सारली आणि मराठीत सुरू झाला.

"मावशी, तुमचा अनुभव किती वर्षांचा?"

"तीस."

तीस वर्षांपूर्वी बेटावर कॉम्प्युटर होता तरी का, हा हिशेब परशुरामने मनात मांडला आणि आदराच्या भरात अर्धाच सोडला.

"मी अवघड शब्द वापरणार नाही," तो म्हणाला. "समजा, लग्नाची पंगत आहे..."

पाचही चेहरे दिव्यासारखे उजळले.

"समजा कशाला? पंगत हायच की!" लक्ष्मणदादा म्हणाले.

"वा! एका वेळी किती माणसं मागणी करतील?"

"सहाशे. आणि सगळी एकदम! पान मांडलं की कुणाला दम न्हाय."

"मग सर्व्हर कोसळला तर?"

"एका पंगतीला एक सेर्वर ठेवील तो येडा," मावशी म्हणाल्या. "दोन लागतात, समोरासमोर. एकाला घेरी आली की दुसरा तिथनंच पुढे वाढतो. पावण्यांना पत्ता लागत न्हाय!"

परशुरामने ते भराभर भिंतीवरच्या कागदावर उतरवलं. हे समजायला त्याला लंडनमध्ये पाच आठवडे लागले होते!

"आणि दाराशी एक दांडगा माणूस," लक्ष्मणदादांनी भर घातली. "जागा असंल तेवढेच आत. न्हायतर कुणालाच धड मिळत न्हाय."

"कोरेक! अगदी बरोबर!" परशुराम ओरडला. "आणि माल?"

"सगळा एका टोपात ठेवू नगं. अर्धा दुसऱ्या घरी, दुसऱ्या गल्लीत."

"आणि झाकण," मावशी म्हणाल्या. "उंदीर शिरतो."

"वायरी कुरतडतात! वा मावशी, वा!"

"वायरी बी खातात व्हय?" मावशी हळहळल्या.

परशुरामने मग स्वतःची कल्पना मोठ्या ऐटीत काढली. मशीन तळमजल्यावर! तिथे थंडावा असतो!

"अय्यो!" लक्ष्मणदादा उठूनच उभे राहिले. "खाली? माझ्या पोरीच्या लग्नात वादळ आलं. रांधप खाली होतं. पाण्यावर भाताची टोपं व्हड्यांसारखी तरंगत शेजाऱ्याकडे गेली! वर मांड, बाबा, वर! वारा खेळता ठेव, झालं."

परशुरामने मशीन वर नेलं. दुपारपर्यंत भिंतीएवढा कागद भरला आणि त्याला आनंदाने नाचावंसं वाटू लागलं. तीन वाजता कुणी बघत नाहीसं पाहून तो थोडा नाचलाही!

इकडे तळमजल्यावर काय चाललं होतं?

रविवारी मंडळाचा वर्धापनदिन होता, सहाशे पानांचा. वाढपाची आखणी आणि तालीम करायला मंडळाच्या भगवतीबाईंनी गावोगावच्या जाणत्या व्यवस्थापकांना बोलावलं होतं. फाटकावरची पाटी वाचून ते सगळे वर गेले. जरा उशिराने टाय लावलेले सहा जण आले. त्यांचा म्होरक्या जयराम, पंधरा वर्षं कॉम्प्युटर सांभाळलेला. वर डोकावला तर वर्ग भरलेला, कुणी मावशी टोपांवर बोलत होती! म्हणून ते खाली उतरले. भगवतीबाईंनी त्यांचे टाय बघितले, गावांनी यंदा शिकलेली माणसं पाठवली म्हणून खूश झाल्या आणि प्रत्येकाच्या हातात सुरी दिली.

"हे काय, जयराम?" एकाने कुजबुजत विचारलं.

"लंडनची पद्धत असेल. प्रॅक्टिकल! गप चीर."

चारला हरिलालसाहेब आले आणि पहिल्यांदा तळमजल्यावरच शिरले. त्यांचे सहा निवडक व्यवस्थापक कमरेला फडकी बांधून भोपळा चिरत होते. जयराम गुडघ्यांवर रांगत केळीची पानं एका रेषेत लावत होता.

"प्रॅक्टिकल, सर!" तो अभिमानाने म्हणाला.

"उभे का? बसा की," भगवतीबाई म्हणाल्या आणि साहेबांच्या हातात मिठाचं भांडं ठेवलं.

ते भांडं तसंच हातात घेऊन साहेब जिना चढले.

"परशुराम! माझी माणसं खाली भोपळा चिरतायत!"

"तुमची माणसं? मग... हे कोण?"

"आम्ही सेर्वर," जमुनामावशी शांतपणे म्हणाल्या. "लग्नात वाढतो."

 परशुराम बाकावर बसला, पण बाक अर्धा हात पलीकडे होता!

जमिनीवरून त्याला साहेबांचे फक्त बूट दिसत होते. ते भिंतीवरच्या कागदापाशी जाऊन थांबले. 

"मशीन वरच्या मजल्यावर का?" साहेबांनी विचारलं.

लक्ष्मणदादांनी टोपांची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी हातवाऱ्यांसकट.

"आणि दोन कशाला?"

मावशींनी घेरी आलेल्या वाढप्याचं सांगितलं. साहेबांनी मिठाचं भांडं टेबलावर ठेवलं.

"जयरामला वर बोलवा," ते म्हणाले. "यातल्या टोपांना आणि माणसांना मशीनची नावं द्या. बाकी एक रेघही बदलू नका!"

सहा जण हळदीच्या हातांनी वर आले. अंधार पडायच्या आत आराखडा तयार झाला. परशुराम उठून उभा राहिला, पण त्याच्याकडे पाहायला कुणाला सवड नव्हती.

फेब्रुवारीत वादळ आलं. केंद्राच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी साचलं, दोन दिवस वीज नव्हती, वरच्या जनरेटरवर काम चाललं. आराखड्याप्रमाणे वर मांडलेली दोन्ही मशीनं कोरडी ठणठणीत! एकाची डिस्क बसली, तर दुसऱ्याने काम पुढे चालवलं. कुठल्याच खात्याला पत्ता लागला नाही.

महिन्याभराने केंद्राचं आभारपत्र निघालं, इंग्रजीत. ते घेऊन परशुराम बसने लालमतीला गेला. जमुनामावशी वांग्यांच्या वाफ्यात होत्या. "वाच, मला इंग्रजी येत न्हाय," त्या म्हणाल्या. त्याने बांधावर उभं राहून सगळं मराठीत करून वाचलं. सर्व्हरच्या रचनेबद्दल श्रीमती जमुना आणि श्री. लक्ष्मण यांचे आभार, खाली हरिलालसाहेबांची सही.

मावशींनी कागद उलटून पाठीमागे बघितलं.

"बाळा, यात तुझं नाव कुठं दिसत न्हाय. तू काय केलंस मग?"

परशुरामने जवळचं एक वांगं निरखून बघितलं.

"मी ना, मावशी... त्या दिवशी हजेरी घ्यायला विसरलो."