झाकलेल्या नंबराची गाडी

गेवराईत माझा फोटो स्टुडिओ आहे आणि तालुक्यातली निम्मी लग्नं मीच काढलेली आहेत. रडून डोळे सुजलेल्या नवऱ्या माझ्या फोटोत हसऱ्या दिसतात. मग स्वतःची पांढरी गाडी विकायला काढली, त्या वेळी फोटोची काळजी मी कशाला करतोय! भर दुपारी गाडी दारासमोर उभी केली, एक फोटो काढला आणि मोबाईलवर जाहिरात टाकून दिली.

पहिला फोन आला. त्या माणसानं विचारलं, दूध किती देते. दुसऱ्यानं विचारलं, कितव्या वेताची आहे. शेजारच्या मुंजाजीची म्हैस मागं बांधलेली होती, तिच्याकडं माझं लक्षच गेलं नव्हतं. तिसऱ्यावर मी असा ओरडलो की तो म्हणाला, द्यायची नसल तर नका देऊ, पन वरडता कावून?

तेजश्रीनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, तो फोटो लांब धरून शांतपणे पाहिला.

"नवरीपेक्षा करवलीच उठून दिसायलीय," ती म्हणाली.

माझ्या धंद्यावर घरातूनच असा घाव! मी पेटलो. ठरवलं, आता असा फोटो काढायचा की लोकांनी गाडी सोडून दुसरं काही बघूच नये. मागं मोकळी जागा हवी, ऊन तिरपं हवं, म्हणून संध्याकाळी गोदावरीच्या काठाला जायचं. स्टुडिओशेजारी जमीलचं गॅरेज आहे. त्याच्याकडून गाडी धुऊन-पुसून घेतली आणि त्यालाही बरोबर घेतलं. जाहिरातीत गाडीचा नंबर दाखवत नाहीत, म्हणून पुढच्या-मागच्या पाट्यांवर वर्तमानपत्र चिकटवलं. जमील म्हणाला, अजिनाथभाई, नंबर झाकून नदीवर कावून जायलो आपन? मी म्हणालो, तू पान्हे सांभाळ, फोटोचं मला शिकवू नको.

नदीवर ऊन झकास होतं. पण गाडी एवढी चकचकीत झाली होती की जवळ गेलं की दारात माझंच पोट दिसायचं. म्हणून लांब गेलो, कॅमेऱ्याला लांबची काच, म्हणजे मोठी लेन्स, लावली आणि वेड्या बाभळीच्या झुडपात पालथा पडलो. खालून फोटो काढला की गाडी भारदस्त दिसते. काटे पोटात घुसत होते, तरी हललो नाही. गाडी अगदी स्वच्छ दिसत होती आणि मागचं सगळं धूसर. धूसरच पाहिजे असतं ते. त्या धुरकटात वाळूचे ट्रॅक्टर भरले जातायत, हे मला दिसणार कसं?

त्यांना मात्र मी दिसलो. फावडी घेऊन माणसं आली. सटवा नावाचा एक आडदांड गडी त्यांचा म्होरक्या. कुणाचा माणूस तू, पेपरवाल्याचा का सरकारचा, असं त्यानं दरडावून विचारलं. माझ्या हातातून कॅमेरा हिसकावून पाहिलं, तर प्रत्येक फोटोत पुढं गाडी आणि मागं त्याचे ट्रॅक्टर. मीही पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. पुन्हा मागं नको ते आलं होतं! कॅमेरा परत ओढून घेतला आणि दोन्ही हात हलवत ओरडलो, "काढा ते ट्रॅक्टर! आधी काढा तिथून!"

आणि काय सांगू, सगळे पळत सुटले. धडाधड ट्रॅक्टर चालू झाले आणि धूळ उडवत गेले. आपल्या आवाजात अजून दम आहे, असं मी जमीलला सांगतच होतो, तेवढ्यात मागं वळून पाहिलं. काठावर वाळूचोरी पकडणाऱ्या पथकाची जीप उभी होती.

पथकाच्या साहेबांनी काय पाहिलं असेल ते तुम्हीच सांगा. नंबर झाकलेली गाडी, आणि हात हलवून ट्रॅक्टर पळवणारा माणूस. नंबर का झाकला, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, गाडी विकायचीय. त्यांनी विचारलं, मग बाजारात न्यायची सोडून नदीत का आणली? मी तापून काचांबद्दल आणि तिरप्या उन्हाबद्दल सांगायला लागलो, तर जमील मध्येच बोलला.

"मी तर पयलेच बोल्लो व्हतो, साहेब."

त्याला मी तिथंच शिव्या घातल्या. मग साहेबांनी खात्री करायला माझ्या घरी फोन लावला. तुमचे मिस्टर खरंच फोटोग्राफर आहेत का, असं विचारलं. तेजश्री म्हणाली, तसं म्हनतेत लोक.

शेवटी गाडीची कागदं पाहून त्यांनी आम्हाला सोडलं. जाताना पथकाच्या ड्रायव्हरनं जीपमधून खालीसुद्धा न उतरता खिडकीतून हात बाहेर काढून गाडीचा एक फोटो घेतला. कामाचा पुरावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी तो फोटो गावोगावच्या ग्रुपवर फिरला. खाली लिहिलं होतं, संशयित वाहन. मी तो मोठा करून करून पाहिला, एखादी तरी चूक सापडावी म्हणून. सापडली नाही. मागं नुसती वाळू आणि पाणी, अंगावर सोनेरी ऊन, गाडी कालच कारखान्यातून आल्यासारखी. बाजूला हात जोडून उभा असलेला मीसुद्धा बारीक दिसत होतो. रागानं मला जेवण गेलं नाही.

संध्याकाळी घाटनांदूरहून फोन आला. नदीवरच्या त्या पांढऱ्या गाडीचा फोटो पाहिला, लई झ्याक हाय, असं तो गृहस्थ म्हणाला. मी जरा निवळलो. म्हणालो, या की, गाडी बघून जा.

"गाडी नको हो. पोरीचं लगीन हाय. तो फोटो काढनाऱ्याचा नंबर पायजे. गेवराईचा पाव्हना म्हनला, फोटोत हात जोडून उभा हाय तोबी फोटोच काढतो, त्याला म्हाईत असंल."

मी दात-ओठ खाल्ले. मग म्हणालो, आमच्याच स्टुडिओतला माणूस आहे तो, तारीख सांगा.